योकान: नेरी, मिझू आणि मुशी यांत नेमका फरक काय?

प्रश्न: योकान या जपानी गोड वडीचे हे तीन प्रकार केवळ पाण्याच्या प्रमाणावरून ठरतात का? जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर: पहिल्या दोहोंपुरते ते खरे आहे. अझुकी या लाल कडधान्याचे गोड पुरण, साखर आणि कांतेन, म्हणजे आपल्या वाणसामानातल्या चायना ग्राससारखाच पदार्थ, हे मिश्रण नेरीसाठी घट्ट आटवतात, त्यामुळे सुरी घातली की चकचकीत काप पडतो. मिझूत पाणी जास्त असल्याने तो लुसलुशीत राहतो. मुशी मात्र कांतेनशिवाय, पीठ घालून वाफवतात, आणि तीच जुनी पद्धत.

दुसरे उत्तर: मिझू उन्हाळ्यातला समजला जातो, परंतु जपानमधल्या फुकुईत तो ऐन हिवाळ्यात खातात. घरी करताना कांतेन आधी पाण्यात उकळून पूर्ण विरघळवावे. साखर त्यानंतरच घालावी.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. चेस्टनट घातलेल्या मुशीपासून सुरुवात करतो.