मतदान शेवटच्या दिवसावर का ढकलायचं?

पायवाट
ज्या देशांत मुख्य तारखेच्या आधी काही दिवस मतदान केंद्रं उघडतात, तिथल्या मतदारांनी शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये, असं माझं ठाम मत आहे. गर्दी टळते, रजा टाकावी लागत नाही, हे तर आहेच. पण माझ्या लेखी खरा फायदा म्हणजे चूक निस्तरायला मिळणारा वेळ. यादीतून नाव उडालंय, पत्ता जुना आहे, ओळखपत्राची मुदत संपली आहे, हे शेवटच्या संध्याकाळी कळलं तर हात चोळत परत यायचं. आठवडाभर आधी कळलं तर काहीतरी करता येतं. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत टपाली मताच्या पाकिटावरची सही जुळली नाही तर मतदाराला कळवून दुरुस्तीची संधी देतात. पाकीट अगदी शेवटी पोचलं तर ती धावपळ कोण करणार?
शिवाय तिथे मत कोणी दिलं (कोणाला दिलं ते नव्हे) याच्या याद्या पक्षांना मिळत राहतात. तुमचं नाव खोडलं गेलं की प्रचाराचे फोन कमी होतात आणि कार्यकर्ते उरलेल्यांच्या मागे लागतात. आपल्या पक्षाचे श्रम वाचवायचे असतील तर हा सोपा मार्ग.

शेवटचा बाक
असहमत. मत देणं आणि नाव तपासणं ही दोन वेगळी कामं आहेत. नाव महिनाभर आधी तपासा ना, कोण अडवतंय? मत मात्र सगळं ऐकून झाल्यावरच द्यावं.
उदाहरण देतो. २५ मे २०१७ ला मोंटानात अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या एका जागेसाठी पोटनिवडणूक होती. आदल्या संध्याकाळी रिपब्लिकन उमेदवार ग्रेग जियानफोर्टे यांनी प्रश्न विचारणाऱ्या एका वार्ताहराला जमिनीवर आदळलं. तोवर ढीगभर मतं टपालाने येऊन पडली होती. ती आता बदलता येतील का, असं लोक विचारू लागले. येत नव्हती. जियानफोर्टे निवडून आले आणि पुढे न्यायालयात त्यांनी गुन्हा कबूलही केला.

पायवाट
आदल्या रात्री असं काही घडणं हा अपवाद. बहुतेकांचं मत पक्षावर ठरतं आणि ते कधीच ठरलेलं असतं. अपवादासाठी सगळ्यांनी रांगेत का ताटकळायचं?

शेवटचा बाक
मग पक्षांतर्गत निवडणुकीचं काय? तिथे सगळे एकाच पक्षाचे. ३ मार्च २०२० ला, ‘सुपर ट्यूसडे’ला, डेमोक्रॅटिक पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायला चौदा राज्यांत निवडणूक होती. इच्छुकांपैकी पीट बुटिजेज १ मार्चला शर्यतीतून बाहेर पडले, एमी क्लोबुशार २ मार्चला. कॅलिफोर्नियात त्यांना आधीच मत देऊन बसलेल्यांची मतं गेली वाया. घाई नडली, दुसरं काय!

दवंडी
शेवटचा बाक, हा मुद्दा बिनतोड आहे, पण दोष लवकर मत देण्याचा नाही, ते बदलता न येण्याचा आहे. स्वीडनमध्ये आधी मत दिलेलं असलं तरी मतदानाच्या दिवशी आपल्या केंद्रावर जाऊन नवं मत देता येतं, जुनं बाद होतं. एस्टोनियात इंटरनेटवरून दिलेलं मत पुन्हा पुन्हा बदलता येतं, शेवटचं धरतात, आणि कागदावर दिलं तर तेच खरं. कोणी शेजारी बसून दबावाखाली मत द्यायला लावलं, तरी नंतर ते फिरवता येतं. इतरांनी हे का उचललं नाही, कळत नाही.

आकडेमोड
फायद्यांचा ढोल जरा हळू वाजवा. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१४ साली दाखवलं होतं की नुसती लवकर मतदानाची सोय दिली तर एकूण मतदान वाढत नाही, उलट थोडं घटतं. त्यांच्या मते कारण असं, की एकाच दिवसाची लगबग, एकमेकांना आठवण करणं, हे विरून जातं. मत देतानाच मतदार म्हणून नाव नोंदवायची सोय जोडली तर चित्र बदलतं. ऑस्ट्रेलियात मतदान सक्तीचं असूनही २०२१ साली कायदा करून आगाऊ मतदानाची मुदत जास्तीत जास्त १२ दिवसांवर आणली, आधी ती तीन आठवड्यांच्या आसपास जायची.

रातपाळी
आकडेमोड, सरासरी तुमच्यापाशी ठेवा. मी रुग्णालयात बारा-बारा तासांच्या पाळ्या करते. मतदानाच्या दिवशी माझी पाळी लागली आणि बदली कोणी मिळालं नाही, तर एकूण टक्केवारीत मी दिसणारही नाही. मला दुसरा दिवस हवा, बस्स. तुमची लगबग बघायला मी तशीही जागी नसते.

आकडेमोड
तुमच्यासारख्यांसाठी सोय हवीच, त्याला माझी हरकत नाही. पण धाग्यात ‘सगळ्यांनीच आधी द्या’ म्हटलंय, वाद त्याच्याशी आहे.

दवंडी
‘लवकर’मध्ये टपाल आणि केंद्र यांची सरमिसळ होतेय. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात टपाली पाकिटं मतदानाच्या सकाळपर्यंत उघडताच येत नाहीत, म्हणून २०२० साली राष्ट्राध्यक्षपदाच्या निकालाचा अंदाज मंगळवारच्या मतदानानंतर शनिवारपर्यंत लांबला आणि अफवांना ऊत आला. फ्लोरिडात ती आधीच तपासून ठेवतात, तिथे त्याच रात्री चित्र स्पष्ट झालं. केंद्रावर जाऊन यंत्रात दिलेल्या मताला तर ही भानगडच नाही.

पायवाट
मान्य, सरमिसळ झाली खरी. माझा सल्ला केंद्रावर जाणाऱ्यांना. पक्षांतर्गत निवडणुकीत आणि उमेदवार पाच-सहा असतील तेव्हा थांबा हवं तर. दोघांतूनच निवडायचं असेल आणि मन पक्कं असेल, तर पहिल्याच आठवड्यात उरकून टाका.

शेवटचा बाक
मन पक्कं आहे की नाही, हे ठरवायलाच मला शेवटचा आठवडा लागतो. मी रांगेत भेटेन.