अनुभव धागा: दोघांतला एक आमदार कसा निवडलात?

कोण चांगला, कोण वाईट हा वाद इथे नको. दोन उमेदवार, चुरशीची लढत आणि तुम्ही मध्ये अडकलेले, अशा वेळी काय केलंत एवढंच सांगा.

सुरुवात मीच करतो. 2019च्या विधानसभेला मी खडकवासल्याचा मतदार होतो. निकाल लागला तेव्हा फरक होता 2,595 मतांचा. शेजारी हडपसरला 2,820. धायरीत आमच्या रस्त्यावरच्या मोठ्या सोसायट्या धरल्या तर एवढी मतं सहज निघतील. मी दोघांची प्रतिज्ञापत्रं आयोगाच्या साइटवरून उतरवून घेतली आणि दुधाच्या हिशेबाच्या वहीत, मागच्या पानावर दोन रकाने पाडले. गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण. बायको डोकावून म्हणाली, "कुणासाठी स्थळ बघतोयस?" रकाने भरले, निर्णय काही होईना. शेवटी एकच प्रश्न उरला: राजाराम पुलापाशी रोज होणाऱ्या कोंडीबद्दल सभागृहात उठून कोण बोलेल? त्याला दिलं. बरोबर की चूक, त्यासाठी वेगळा धागा लागेल.

शनिवार पेठ

आम्हा कसब्याच्या मतदारांना तेच दोघे दोन वर्षांत दोनदा तोलायला मिळाले. आमदार मुक्ता टिळक गेल्यावर झालेल्या 26 फेब्रुवारी 2023च्या पोटनिवडणुकीत रवींद्र धंगेकर जवळपास 11 हजारांनी आले, नोव्हेंबर 2024मध्ये हेमंत रासने 19 हजारांहून जास्त मतांनी. आमचा जुना वाडा शनिवारवाड्यापासून शंभर मीटरांच्या आत, त्यामुळे नवं बांधकाम करता येत नाही. कायदा केंद्राचा. दोन्हीकडचे कार्यकर्ते जिन्यात उभं राहून "आपलं सरकार आलं की सुटेल" असंच म्हणाले, त्यामुळे तो मुद्दा मी तराजूतून काढूनच टाकला. पोटनिवडणुकीला मला कंटाळा आला होता. आजी म्हणाली, "मुक्ताताई आजारपणात ॲम्ब्युलन्समधून मुंबईला मत द्यायला गेल्या, तुला समोरच्या शाळेत जाववत नाही?" गेले. बाबांचं आणि माझं मत दोन्ही वेळा उलटसुलट पडलं. त्यांनीही 2024ला बाजू बदलली होती, हे नंतर कळलं.

पूर्व पुणे (मतदारसंघ सांगत नाही, लगेच अर्थ काढाल)

महापालिकेची मुदत मार्च 2022ला संपली. 2024ची विधानसभा आली तरी नगरसेवक नव्हते, प्रशासकच. त्यामुळे तुंबलेल्या ड्रेनेजचं रडगाणंही आमदाराकडे. मी दोन्ही उमेदवारांच्या कार्यालयात सामान्य बाई म्हणून फोन केला, तक्रार एकच. एकीकडे पत्ता लिहून घेतला आणि दोन दिवसांनी माणूस आला. दुसरीकडे विचारलं, "तुमच्या सोसायटीत किती मतं आहेत, ताई?" ठरवायला एवढं पुरलं. खरं तर ड्रेनेज हे आमदाराचं काम नव्हे, हे मलाही कळतं.

कोथरूड

मी उमेदवार बघतच नाही, पक्ष बघतो. पक्षाचा व्हिप निघाला की आमदाराला हात तसाच वर करावा लागतो, मग त्याची पदवी घेऊन काय करायचंय?

वरच्यांना

2019ला तुम्ही मत दिलेल्या पक्षाचे 2024पर्यंत दोन झाले असतील तर? आमच्याकडे तेच झालं. मग माणूसच बघावा लागला.

शिक्षक, निवडणूक ड्यूटी

मी उमेदवार तोलले नाहीत, तोलणारे पाहिले. 2024ला शहरातल्या एका केंद्रावर माझ्याकडे कंट्रोल युनिट होतं. मी बॅलट सोडायचं, मतदार आडोशाला जाणार, बीप वाजली की पुढचा. दुपारी दोनच्या सुमारास एक आजोबा आत गेले. स्वच्छ धोतर, काळी टोपी, शाईचं बोट हवेत धरलेलं, कुठे पुसलं जाऊ नये म्हणून. बीप वाजेना. रांगेत चुळबुळ सुरू झाली. मतदार आडोशाला असताना आपण आत डोकवायचं नसतं. केंद्राध्यक्ष लांबूनच म्हणाले, "आजोबा, बटण दाबलं का? निळं." आतून आवाज आला, "बटण दिसतंय हो. विचार करतोय." एका पोलिंग एजंटला हसू आवरेना, दुसरा घड्याळाकडे बघत बसला. तीन-चार मिनिटांनी बीप वाजली. मत कुणाला गेलं ते दाखवणारी व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद दिसते. ती पडेपर्यंत ते वाकून बघत राहिले असावेत, टोपीचं टोक तेवढं वर दिसत होतं. बाहेर आले ते कुणाकडेही न बघता चपला शोधायला गेले.

औंध

नोटा, म्हणजे 'यांपैकी कुणीही नाही', दाबला. उपयोग शून्य, माहीत आहे. विधानसभेला नोटा पहिला आला तरी निवडून येतो तो उमेदवारच. पण दोघांचे फ्लेक्स आमच्या चौकात सिग्नल झाकून उभे होते.

वारजे

महिनाभर दोघांच्या सभा ऐकल्या, भाऊजींशी भांडलो, गुरुवारच्या कट्ट्यावर भाषण ठोकलं, सकाळी सात वाजता पहिल्या दहांत उभा राहिलो. यादीत नाव नाही. घर बदललं तेव्हा फॉर्म 8 भरायचा राहिला होता, नाव अजून जुन्या पत्त्यावर, येरवड्याला. तिथली लढत कुणाकुणात आहे तेही मला ठाऊक नव्हतं. पीएमटीत बसून मोबाईलवर बघायला लागलो.