विषय: मंडळाचा लॅपटॉप नुसता ठेवला तरी तापतोय

प्रेषक: चिटणीस

सर्वांना नमस्कार,

शनिवारच्या सभेआधी सभासदयादी काढायची आहे आणि लॅपटॉपची तीच रड पुन्हा सुरू झाली आहे. चार्जरला लावून नुसता ठेवला, कोणी हातसुद्धा लावला नाही, की थोड्या वेळाने पंखा घोंघावायला लागतो. खालची बाजू हात ठेववत नाही इतकी गरम. जवळ जाऊन माउस हलवला की हळूहळू शांत होतो. म्हणजे कामाला बसवला की गार आणि रिकामा ठेवला की गरम! मागच्या वेळी ज्यांनी बघितला होता त्यांनी काय केलं ते कळवावं. दहा जणांनी दहा उपाय सुचवू नयेत ही विनंती.

प्रेषक: माजी खजिनदार

मागच्या वेळी बंद करून चालू केला होता, बाकी काही नाही. लॅपटॉप माझ्या कार्यकाळात घेतला आहे आणि पावती, चार्जर, पिशवी सगळं मी रीतसर सुपूर्द केलं आहे, तेवढी नोंद असू द्यावी. आत धूळ बसली असणार, दुसरं काय. व्हॅक्यूम क्लीनर लावून ओढून घ्या. दोन मिनिटांचं काम.

प्रेषक: ध्वनिव्यवस्था

व्हॅक्यूम अजिबात लावू नका!! नळीच्या तोंडाशी स्थिर वीज तयार होते आणि त्या ओढीने पंखा इतका गरगरतो की बेअरिंगची वाट लागते. दाबाच्या हवेचा डबा मिळतो तो वापरायचा. लॅपटॉप बंद, चार्जर काढलेला, पंख्याचं पातं काडीने अडवून धरलेलं, आणि छोटे छोटे फवारे. आपला ॲम्प्लिफायर मी वर्षानुवर्षं असाच साफ करतो. यावरून आठवलं, मागच्या कार्यक्रमानंतर मिक्सरचे सगळे नॉब फिरवलेले होते. ज्यांचं काम त्यांनीच करावं.

प्रेषक: ग्रंथालय

नॉब फिरवले कारण माइक शिट्ट्या मारत होता आणि तुम्ही बाहेर फोनवर बोलत उभे होतात. तो विषय त्याच दिवशी संपला होता असं मला वाटत होतं.

प्रेषक: एक सभासद

धूळ आणि नॉब दोन्ही जरा बाजूला ठेवू या का?

> जवळ जाऊन माउस हलवला की हळूहळू शांत होतो.

सगळी मेख या वाक्यात आहे. धूळ साचली असती किंवा प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (त्याची उष्णता बाहेर नेणारा लेप) सुकली असती, तर लॅपटॉप व्हिडिओ कॉलला किंवा मोठ्या कामाला जास्त तापला असता, आणि माउस हलवल्याने त्याला काडीचा फरक पडला नसता. इथे बरोबर उलटं आहे. आपण उठून गेलो म्हणजे लॅपटॉप रिकामा झाला असं नसतं. विंडोज आपली मागे पडलेली कामं मुद्दाम तेव्हाच काढतं: शोध पटकन लागावा म्हणून फाइलींची सूची बनवणं, व्हायरस तपासणी, अपडेटची जुळवाजुळव. आपण परत आलो की ती आवरती घेतली जातात. त्यामुळे होतं काय, गरम का झाला ते बघायला टास्क मॅनेजर (आत काय काय चालू आहे ते दाखवणारी खिडकी) उघडावा तर सगळं चिडीचूप. दिवा लावल्यावर झुरळं पळतात तसं.

म्हणून प्रोसेसर किती वापरला जातोय त्याचे त्या क्षणाचे टक्के बघून उपयोग नाही. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, डिटेल्स या टॅबवर जा, स्तंभांच्या शीर्षकावर उजवं क्लिक करून ‘सीपीयू टाइम’ (प्रोसेसरने त्या कामाला दिलेला वेळ) हा स्तंभ जोडा आणि त्यावर क्लिक करून मोठे आकडे वर आणा. हा आकडा ती प्रोसेस, म्हणजे ते काम, सुरू झाल्यापासून साचत जातो, मागे जात नाही. वरच्या चार-पाच ओळींचा मोबाइलवर फोटो काढा, तासभर लॅपटॉपला हात लावू नका, मग परत बघा. मधल्या काळात ज्याचा आकडा फुगला, तोच आरोपी. तोवर कृपया कोणी स्क्रू उघडू नका.

प्रेषक: माजी खजिनदार

मी घरच्या लॅपटॉपवर करून बघितलं. ‘सिस्टिम आयडल प्रोसेस’ नावाचं काहीतरी ९७ टक्के खातंय, आणि सीपीयू टाइममध्येही सगळ्यात वर तेच! बंद करायला गेलो तर बंदच होत नाही. व्हायरस आहे का?

प्रेषक: एक सभासद

नाही हो काका. तो प्रोसेसरचा रिकामा वेळ आहे. ९७ म्हणजे तुमचा लॅपटॉप जवळजवळ झोपलाय, चांगली गोष्ट आहे. ती ओळ सोडून खालच्या बघायच्या.

प्रेषक: युवा विभाग

माझा तर झाकण बंद करून बॅगेत टाकला तरी तापतो, बाहेर काढला की बॅटरी अर्धी. हेच कारण का?

प्रेषक: एक सभासद

ते निराळं प्रकरण आहे. नव्या लॅपटॉपमध्ये झाकण बंद केल्यावर जुन्यासारखी गाढ झोप नसते. मॉडर्न स्टँडबायमध्ये तो मोबाइलसारखा अधूनमधून जागा होतो, आणि बॅगेत हवा खेळत नाही. झाकण बंद केल्यावर ‘हायबरनेट’ व्हावा, म्हणजे चालू काम डिस्कवर साठवून पूर्ण बंद व्हावा, असं सेटिंग करून टाक. पण त्यासाठी नवीन मेल सुरू कर, इथे गोंधळ नको.

प्रेषक: चिटणीस

सांगितल्याप्रमाणे केलं. आयडलची ओळ सोडली तर ‘सर्चइंडेक्सर’ एकदम वर गेला आहे. त्याच्या खालोखाल ‘एमएसएमपीइंग’. आता हे दोघं कोण?

प्रेषक: एक सभासद

पहिला फाइलींची सूची बनवणारा. दुसरा विंडोजचाच पहारेकरी, डिफेंडर. पहिला जी फाइल उघडतो ती दुसरा तपासतो, म्हणून जोडीने वर दिसतात. पहिला थांबला की दुसराही बराच खाली येईल, त्याला बंद करायचं नाही. सेटिंग्जमध्ये ‘सर्चिंग विंडोज’ या पानावर क्लासिक निवडलंय की एनहान्स्ड?

प्रेषक: चिटणीस

एनहान्स्ड. हे कोणी केलं?

प्रेषक: ग्रंथालय

मी केलं. २०१८च्या सभेचं इतिवृत्त शोधून सापडत नव्हतं आणि तीन वेळा विचारूनही कोणी उत्तर दिलं नव्हतं. ‘सगळ्या कॉम्प्युटरमध्ये शोधा’ असा पर्याय दिसला तो घेतला. त्यात चूक काय आहे? खरं तर डी ड्राइव्हवर छायाचित्र समितीने एकच फोटो चार-चार ठिकाणी ठेवलेत, तापणार नाही तर काय.

प्रेषक: छायाचित्र समिती

चार ठिकाणी नाहीत. मूळ, निवडक, छापायचे आणि वेबसाइटचे असे वेगवेगळे आकार आहेत. ते फोल्डर कोणी हलवू नयेत. यापूर्वी एकदा ‘आवराआवर’ झाली होती, तेव्हा काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

प्रेषक: एक सभासद

फोटो हलवायची गरज नाही. एनहान्स्ड म्हणजे जवळपास सगळी डिस्क सूचीत घ्यायची. डी ड्राइव्हवर फोटोंचा आणि जुन्या बॅकअपचा डोंगर आहे. त्यात आपण काम झालं की लॅपटॉप बंद करून कपाटात ठेवतो, त्यामुळे सूची पुरी होतच नाही. पुढच्या वेळी चार्जरला लावला की गाडी तिथून पुढे. आता दोनच मार्ग. एकतर चार्जरला लावून, कडक सपाट टेबलावर, खालची जाळी मोकळी ठेवून रात्रभर चालू द्या, सूची एकदा पुरी झाली की पुढे फक्त बदललेल्या फाइली बघितल्या जातात. नाहीतर क्लासिक करा, म्हणजे डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक आणि डेस्कटॉप एवढंच सूचीत राहील. माझं मत क्लासिक. मंडळाच्या लॅपटॉपवर सगळी डिस्क शोधायची वेळ वर्षातून एकदा येते.

प्रेषक: ध्वनिव्यवस्था

हे सगळं ठीक आहे, पण रिकामपणी एवढं काम निघालं म्हणून हात ठेववणार नाही इतका गरम व्हावा? जाळीत धूळ असणारच. मी शुक्रवारी हवेचा डबा घेऊन येतो.

प्रेषक: एक सभासद

हे मात्र मान्य. मूळ कारण ते नाही, पण साफ करायला हरकत नाही. मागचं झाकण उघडलंत तर आधी बॅटरीची जोडणी काढा. आणि बॅटरी फुगलेली दिसली किंवा टचपॅड वर आलेलं वाटलं, तर तिथेच थांबा, चार्जरला पुन्हा लावू नका.

प्रेषक: चिटणीस

काल क्लासिक केलं. संध्याकाळभर चार्जरला लावून नुसता ठेवला होता. पंख्याचा आवाज नाही, खालून कोमट. यादीही निघाली, उद्या पाठवते.

प्रेषक: ग्रंथालय

छान. मग आता २०१८चं इतिवृत्त मी कसं शोधायचं?

प्रेषक: एक सभासद

डी ड्राइव्हचं फोल्डर उघडा आणि त्याच खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातल्या चौकटीत फाइलच्या नावातला शब्द टाका. सूची नसली तरी शोधतं, फक्त वेळ खातं. तेवढा वेळ पंखा फिरला तर इथे मेल टाकू नका.