‘बेपत्ता’ म्हणावे की ‘देह न मिळालेला’?

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन मरीन सार्जंट विल्यम जेनॉस्ट यांच्याविषयी टिपण लिहीत आहे. २३ फेब्रुवारी १९४५ रोजी जपानच्या इवो जिमा बेटावरील सुरिबाची डोंगरावर अमेरिकन ध्वज उभारला जात असताना जो रोझेन्थल यांनी टिपलेले छायाचित्र जगभर गाजले. त्यांच्या शेजारीच उभे राहून जेनॉस्ट यांनी तो प्रसंग रंगीत फिल्मवर चित्रित केला. ४ मार्चला एका गुहेत शिरले असता ते गोळीबारात ठार झाले आणि त्यांचा देह कधीच मिळाला नाही. त्यांना ‘युद्धात बेपत्ता’ म्हणावे का? शिवाय ‘मरीन’ला ‘नौसैनिक’ चालेल का?

प्रतिसाद १ : ‘बेपत्ता’ येथे चुकीचा ठरेल. ज्याचा ठावठिकाणा कळत नाही आणि जो जिवंत आहे की नाही याचीही खात्री नाही, तो बेपत्ता. या शब्दात आशेला जागा असते आणि म्हणूनच संशयालाही. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ पडले तरी त्यांच्या मृत्यूविषयी लोकांच्या मनात शंका राहिली, पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारले नाही आणि पुढे भाऊसाहेबांचा तोतया उभा राहू शकला, तो याच जागेतून. जेनॉस्ट यांच्याबाबत ती जागाच नाही. सोबतच्या मरीन सैनिकांना त्यांचा मृत्यू ठाऊक होता, गुहेची जागाही साधारण माहीत होती. परंतु आत जपानी सैनिक असल्यामुळे देह बाहेर काढता आला नाही आणि नंतर गुहेचे तोंड बंद करण्यात आले. म्हणजे मृत्यू निश्चित आहे, न मिळालेला आहे तो देह. अमेरिकन लष्कर या दोन स्थिती वेगळ्या नोंदवते, तेव्हा मराठीतही त्या एका शब्दात कोंबू नयेत. माझ्या मते ‘लढाईत ठार, देह मिळाला नाही’ एवढे साधे वाक्य पुरेसे आहे.

प्रतिसाद २ : सहमत आहे, फक्त ‘देह’ या शब्दाविषयी थोडे सांगावेसे वाटते. १९४५ सालाविषयी लिहिताना ‘देह’ किंवा ‘पार्थिव’ ठीक आहे. पण २००७ मध्ये अमेरिकन शोधपथक इवो जिमाच्या ‘३६२ अ’ या टेकडीवर जेनॉस्ट यांचा माग काढायला गेले, तेव्हा ते ज्याचा शोध घेत होते त्याला ‘पार्थिव’ म्हणणे विचित्र वाटते, कारण त्या शब्दाने अंत्यदर्शनासाठी ठेवलेले शरीरच डोळ्यांसमोर येते. ‘अस्थी’ म्हटले की आपल्याकडे दहन आणि विसर्जन आठवते, आणि नुसते ‘अवशेष’ म्हटले तर वाचक उत्खननाकडे वळतो. म्हणून ‘देहावशेष’ बरा. क्रियापदही जपून निवडावे. ‘सापडले नाहीत’ म्हटल्यास मृत्यूची जागाच अज्ञात होती असे वाटते. १९४५ पुरते ‘बाहेर काढता आला नाही’ आणि २००७ पुरते ‘सापडले नाहीत’, असा भेद ठेवावा.

प्रतिसाद ३ : ‘नौसैनिक’ नको. नौसैनिक जहाजावर काम करतो. मरीन समुद्रमार्गे येऊन किनाऱ्यावर उतरतो आणि जमिनीवर लढतो. अमेरिकेत मरीन कोअर नौदल विभागाच्या अखत्यारीत असले तरी ते स्वतंत्र सैन्यदल आहे. ‘मरीन’ हाच शब्द ठेवून पहिल्या उल्लेखात एका वाक्यात खुलासा करावा, एरवी आपला वाचक मरीन इंजिनिअर समजेल. (मुंबईच्या मरीन लाइन्सचे नावही ब्रिटिशकालीन मरीन बटालियनच्या वसाहतीवरून पडले आहे, हे रोज तिथे उतरणाऱ्यांनाही क्वचितच ठाऊक असते.)

प्रश्नकर्ता : ‘हुतात्मा’ किंवा ‘कामी आले’ असे लिहिले तर?

प्रतिसाद १ : ‘कामास आले’ हा बखरींतला प्रयोग मला फार आवडतो, पण आज ‘कामी येणे’ म्हणजे उपयोगी पडणे, त्यामुळे वाचकाचा घोटाळा होईल. ‘हुतात्मा’ शब्दात ध्येयासाठी केलेल्या आत्मार्पणाचा गौरव आहे आणि महाराष्ट्रात तो संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याशी घट्ट जोडला गेला आहे; परक्या सैन्यातील सार्जंटच्या मृत्यूची नोंद करताना तो लेखकाचा अभिप्राय ठरतो. ‘धारातीर्थी पडले’ हेही तलवारीच्या काळातले आहे. ‘ठार झाले’ कोरडे वाटते खरे, पण नोंदीला तेच शोभते.

प्रश्नकर्ता : मग वाक्य असे ठेवतो : ‘मरीन सार्जंट विल्यम जेनॉस्ट ४ मार्च १९४५ रोजी इवो जिमा येथील लढाईत ठार झाले, त्यांचा देह गुहेतून बाहेर काढता आला नाही आणि २००७ मधील शोधातही त्यांचे देहावशेष सापडले नाहीत.’