मदत हवी आहे: जळगावच्या नव्या शोरूमची नोकरी धरावी का?

पारोळेकर: हायवेला घरसामानाचं मोठं शोरूम उघडतंय. टाइल्स, नळ, रंग, फर्निचर सगळं. दीडशेच्या वर पोरं घेणार म्हणतात. लहान भावाचं सिलेक्शन झालंय, उद्या हो-नाही कळवायचंय. आहे ते काम सोडावं का? लवकर सांगा.

तापीकाठ: आहे ते म्हणजे कोणतं? पगार किती? तिकडे काम काय?

पारोळेकर: हार्डवेअरच्या दुकानात आहे, 11 हजार रोख. तिकडे सेल्समध्ये 16.

तापीकाठ: 16 हातात की कागदावर? बेसिकचे 12 टक्के पीएफला जातात, ईएसआयचे, म्हणजे कामगारांच्या दवाखान्याच्या विम्याचे, 0.75 टक्के वेगळे. आणि पत्र शोरूमचं की ठेकेदाराचं? नाशिकला मी ठेकेदाराकडून लागलो होतो. उद्घाटनाला भरमसाट भरती, दिवाळी सरली तशी निम्मी पोरं घरी.

भुसावळकर: ठेकेदार असला म्हणून काय झालं? पीएफ खातं तर उघडतं. 21 हजारांपर्यंत पगार असला की ईएसआय लागतो, अवलंबून असलेल्या आईवडिलांचा दवाखानाही त्यात होतो. रोखीत यातलं काय मिळतं?

दुकानदार_चोपडा: माझं हार्डवेअर आहे. केळीचा पैसा येईपर्यंत शेतकऱ्याला उधारीवर पाइप देतो, शोरूम देईल? दीडशे नोकऱ्या मोजता, मग आमच्याकडची पोरं अन् माल पोचवणारे ॲपेवाले बसतील घरी, तेही मोजा.

भुसावळकर: मग तुमच्या पोरांचा पीएफ भरता का?

दुकानदार_चोपडा: तो कायदा 20 माणसांपासून आहे भाऊ. माझ्याकडे चार.

खान्देशी_घर: तिथे टाइल्स स्वस्त मिळतील का? माझ्या नव्या घराचा स्लॅब टाकून झालाय.

पारोळेकर: धागा भरकटू देऊ नका. पत्र एजन्सीचं आहे. ड्रेस-ट्रेनिंगचे 3 हजार उद्याच भरायला सांगितलेत. भावाचं आयटीआय प्लंबर झालंय.

तापीकाठ: हे आधी सांगायला हवं होतं! एक रुपया भरू नका. पत्र घेऊन थेट शोरूमच्या साइटवर जा, मॅनेजरला विचारा की ही एजन्सी त्यांचीच का. ते हो म्हणेपर्यंत जुनं काम सोडायचं नाही.

भुसावळकर: पैशांचं बरोबर आहे, भरू नका. पण प्लंबर असून सेल्समध्ये कशाला? गिऱ्हाइकाच्या घरी फिटिंग करणारी टीम कोणाची, तेही विचारा.

दुकानदार_चोपडा: प्लंबर असेल तर माझ्याकडे पाठवा, चोपड्यात कामाला तोटा नाही.

पारोळेकर: सकाळी साइटवर जातो. पैसे थांबवलेत.