मदत हवी आहे: धंदा बुडाला, तुकोबा कुठून वाचायला घेऊ?

माझं किराणा दुकान मार्चमध्ये बंद झालं, उधारी वसूल झालीच नाही, हप्त्यांचं बँकेशी बोलून झालंय त्यामुळे पैशाचे सल्ले नकोत, प्रश्न मनाचा आहे. १६३० च्या दुष्काळात तुकोबांचंही दिवाळं निघालं, आणि भावाच्या वाट्याची खतं (लोकांकडून येणं असलेल्या कर्जाचे कागद) त्याला देऊन त्यांनी आपली इंद्रायणीत बुडवली, हे कीर्तनात ऐकल्यापासून डोक्यातून जात नाही (मला अजून उधारीची वही फाडवत नाही). पहिल्या अभंगापासून सलग वाचून पाहिलं, भाषा अडते, प्रवचनं दोन-दोन तासांची आणि मी आता रात्रपाळीला. रोज अर्धा तास मिळतो, शिबिर वगैरे जमणार नाही. तर दिवाळं, दुष्काळ, लोकांची बोलणी यावरचे त्यांचे स्वतःचे अभंग नेमके कोणते, आणि सोप्या अर्थासकट कुठे मिळतील?