लॅपटॉपसारखा लागणारा डेस्कटॉप कीबोर्ड, बजेट अडीच हजार

ताळेबंद

लॅपटॉपच्या जागी डेस्कटॉप घेतला आहे, विंडोज ११. सोबत मिळालेला कीबोर्ड उंच बटणांचा आहे. प्रत्येक अक्षराला बोट खोलवर न्यावं लागतं आणि तासाभरात मनगट भरून येतं. लॅपटॉपसारखी चपटी, हलकी, कमी दाबावी लागणारी बटणं हवी आहेत.

काम दोन प्रकारचं आहे. दिवसभर मराठी टायपिंग, इन्स्क्रिप्ट या कीबोर्ड आराखड्यात. आणि संध्याकाळी टॅलीत नोंदी, त्यामुळे एफ-बटणं आणि नमपॅड (उजवीकडचा आकड्यांचा गट) दोन्ही लागतात. वायर असली तर उत्तम, नसली तरी चालेल. दिवे, गेमिंग वगैरे नको.

ऑनलाइन बघितलं तर सहाशेपासून तीन हजारांपर्यंत सगळ्यांवर ‘चिकलेट’, ‘स्लिम’, ‘लॅपटॉप स्टाइल’ असं लिहिलंय. फोटोत सगळे सारखेच दिसतात. मग किमतीत एवढा फरक कशाचा?

---

सोल्डरगन

फरक बटणाच्या खाली आहे. चिकलेट म्हणजे फक्त बटणाचा आकार: चपटं, चौकोनी आणि शेजारच्यापासून सुटं. आत काय आहे ते या शब्दावरून कळत नाही. तुम्हाला हवी ती यंत्रणा ‘सिझर’. वर्णनात हा शब्द शोधा. तो नसेल तर कीबोर्ड सिझरचा नाही असंच धरून चाला.

साध्या मेंब्रेन कीबोर्डात बटणाच्या पोटाला एक दांडा असतो. तो प्लास्टिकच्या नळीत वर-खाली सरकतो आणि खालची रबरी टोपी दाबतो. बटणाच्या मधोमध बोट पडलं तर ठीक, पण कडेवर पडलं की दांडा नळीत तिरका होऊन घासतो. स्वस्त ‘स्लिम’ कीबोर्डांत याच दांड्यावर चपटं बटण बसवलेलं असतं. दिसतो लॅपटॉप, लागतो जुनाच कीबोर्ड. सिझरमध्येही रबरी टोपी असतेच, फक्त तिच्याभोवती कात्रीसारखे एकमेकांत अडकवलेले दोन बारीक सांगाडे असतात. त्यामुळे कुठल्याही कोपऱ्यावर दाबलं तरी अख्खं बटण सपाट राहून खाली जातं. लॅपटॉपवर भराभर टाइप करताना बोट नेमकं मध्यावर पडावं लागत नाही, ते यामुळेच.

दुकानात तपासायचं असेल तर एंटर, बॅकस्पेस आणि डावं शिफ्ट या मोठ्या बटणांच्या टोकाला एका बोटाने हळू दाबा. दुसरं टोकही त्याच वेळी खाली गेलं पाहिजे. मग हेच एखाद्या अक्षराच्या वरच्या डाव्या कोपऱ्यावर करून बघा. बटण कलंडलं किंवा मध्येच अडखळलं तर तो ठेवून द्या.

दुसरी गोष्ट, बटण किती खोल जातं. साध्या मेंब्रेनमध्ये साधारण ३.५ ते ४ मिमी. चेरी एमएक्स धाटणीच्या मेकॅनिकलमध्ये (प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्प्रिंगचा स्विच) ४ मिमी. आजच्या लॅपटॉपमध्ये १ ते १.५ मिमी, जुन्या थिंकपॅडमध्ये १.८ च्या आसपास. एटीएम कार्डाची जाडी ०.७६ मिमी असते. दोन कार्डं एकावर एक ठेवली की दीड मिमी झाली. ती बटणाशेजारी आडवी धरून बटण तळापर्यंत दाबायचं आणि बटणाची कड कार्डांच्या जाडीइतकी उतरते का ते बघायचं. चार-पाच कार्डांएवढी उतरत असेल तर तुमच्या घरी आहे तोच कीबोर्ड पुन्हा विकत घेताय.

नावं सांगतो. लॉजिटेक के३८० सिझरचा, १.५ मिमी, बजेटच्या आसपास मिळतो, पण त्याला नमपॅड नाही आणि वायरही नाही. एमएक्स कीज सिझरचा, १.८ मिमी, नमपॅडसकट, पण दहा हजारांच्या पुढे. चेरी स्ट्रीम वायरचा, नमपॅडचा आणि सिझरचाच. तो तुमच्या भावात मिळाला तर डोळे झाकून घ्या. डेलचा केबी२१६ दिसायला चिकलेट, पण आत दांडाच. सहा-सातशेत टिकाऊ कीबोर्ड म्हणून चांगला आहे, फक्त तुम्ही विचारताय तो हा नव्हे.

---

शिफ्ट_ळ

इन्स्क्रिप्टसाठी आणखी एक गोष्ट बघावी लागते. इंग्रजी टायपिंगवाले ती सहसा सांगत नाहीत, कारण त्यांना तिचा त्रासच होत नाही.

इंग्रजीत उजव्या कडेची बटणं विरामचिन्हांची, क्वचित लागणारी. म्हणून छोट्या कीबोर्डांत जागा वाचवायला तीच आखूड करतात. इन्स्क्रिप्टमध्ये त्याच जागी आपली रोजची अक्षरं आहेत. अर्धविरामावर च, त्याच्या शेजारी ट, चौकटी कंसावर ड, उलट्या तिरप्या रेघेवर ॉ आणि उजव्या शिफ्टजवळच्या तिरप्या रेघेवर य. ‘आहे’खालोखाल ‘होय’, ‘काय’ लिहिणाऱ्या माणसाला य चं बटण अर्ध्या रुंदीचं मिळालं तर काय होईल बघा. टॅबलेटसाठी विकतात त्या ७८ बटणांच्या पातळ कीबोर्डांत हे हमखास असतं. बाणांची बटणं कोपऱ्यात बसवायला उजवं शिफ्ट कापतात आणि य आकसतो.

मोजायला सोपं आहे. क्यूच्या डाव्या कडेपासून पीच्या डाव्या कडेपर्यंत पट्टी लावा. पूर्ण आकाराच्या कीबोर्डात बटणांमधलं अंतर १९ मिमी, म्हणजे नऊ बटणांचे मिळून १७१ मिमी व्हायला हवेत. १६२ आले तर अंतर १८ मिमी, सवयीने जमतं. १५३ म्हणजे १७ मिमी, मोठ्या माणसाच्या हाताने दिवसभराचं काम त्यावर होणार नाही.

एंटरचा आकारही बघा. एंटर आडवं, एकाच ओळीतलं आणि डावं शिफ्ट लांब असेल तर तो अमेरिकी आराखडा. आपल्याकडचे बहुतेक लॅपटॉप तसेच असतात. एंटर उभं, दोन ओळींचं असेल तर ब्रिटिश आराखडा. त्यात डावं शिफ्ट निम्मं होतं आणि ॉ वरच्या ओळीतून उतरून एंटरच्या डाव्या कुशीत जातो. ‘डॉक्टर’, ‘कॉलेज’, ‘बॉक्स’ लिहिताना बोट रोज चुकेल. आणि ख, घ, छ, ळ, ण, श सगळी शिफ्टवर, तेव्हा आखूड डावं शिफ्ट इंग्रजीवाल्यांपेक्षा आपल्याला जास्त बोचतं. आयात केलेले आणि जुने कीबोर्ड घेताना हे फोटोत आधी बघून घ्या.

बटणांवर देवनागरी छापलेली नसेल तर स्टिकर मिळतात, पण सिझरच्या चपट्या बटणांवर जाड स्टिकर लावू नका. कडा उचलल्या जातात आणि बोटाला लागतात. पाठ असेल तर काहीच नको.

---

चपटी कळ

सोल्डरगन यांच्या म्हणण्यात एक भर घालतो, कारण मनगट भरून येण्याचं मूळ सगळं यंत्रणेत नाही. लॅपटॉपवर तळहात टेकायला जागा असते आणि बटणं त्या पातळीपासून जेमतेम वर असतात. डेस्कटॉप कीबोर्डची पुढची कडच दीड-दोन सेंटिमीटर उंच असते, त्यावर मागचे पाय उघडले की मनगट वर वाकतं. आधी आहे त्या कीबोर्डाचे मागचे पाय मिटून दोन दिवस काम करा. टेबलाची उंची अशी हवी की कोपर काटकोनात आणि बोटं कोपराच्या पातळीत. आपल्याकडची जेवणाची टेबलं कीबोर्डासाठी उंचच पडतात. खुर्ची वर घ्या आणि पाय अधांतरी राहिले तर खाली पाट ठेवा.

नवा घेताना पुढच्या कडेची उंची विचारा. ती एक सेंटिमीटरच्या आत असली तर मनगटाखाली वेगळी उशी लागत नाही.

नमपॅडचं म्हणाल तर तो कीबोर्डातच हवा असा हट्ट सोडला तर निवड बरीच सोपी होते. वायरचा सुटा यूएसबी नमपॅड काही शेकड्यांत येतो. कीबोर्ड आखूड झाल्यामुळे माउस जवळ येतो आणि उजव्या खांद्याचा ताण जातो. नोंदींच्या वेळी नमपॅड उजवीकडे ओढायचा, लिहिताना बाजूला. मात्र विंडोजमध्ये नमलॉक (नमपॅडचे आकडे चालू-बंद करणारं बटण) सगळ्या कीबोर्डांना मिळून एकच असतो. मुख्य कीबोर्डवर नमलॉकचं बटण नसेल तर ते सुट्या पॅडवरूनच चालू-बंद करायचं हे ध्यानात ठेवा.

लो-प्रोफाइल मेकॅनिकल कोणी सुचवेल. चांगले असतात, पण बटण ३ मिमीच्या आसपास खोल जातं, कीबोर्ड उंचही असतो आणि बजेट दुप्पट होतं. लॅपटॉपचा हात हवा असेल तर तिकडे जाऊ नका.

---

ताळेबंद

सगळ्यांचे आभार. पाय मिटले, फरक आहे.

के३८० आणि सुटा नमपॅड असं मनात येतंय. तीन शंका. माझ्या डेस्कटॉपला ब्लूटूथ नाही. टॅलीत एफ-बटणं सतत लागतात, ती त्यावर नीट चालतात का? आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला जुने थिंकपॅडचे यूएसबी कीबोर्ड मिळतात असं ऐकलंय, ते बघावेत का? लॅपटॉपमधूनच काढलेला कीबोर्ड यूएसबीला जोडता येतो असंही एका दुकानदाराने सांगितलं.

---

सोल्डरगन

शेवटचं आधी: ते सोडा. लॅपटॉपच्या आतल्या कीबोर्डाला स्वतःची यूएसबी नसते. नुसती चपटी पट्टी-केबल असते आणि कुठलं बटण दाबलं हे मदरबोर्डवरची चिप ओळखते. यूएसबीला जोडायचा तर वेगळा कंट्रोलर बोर्ड, त्या पट्टीचा नेमका सॉकेट आणि प्रत्येक बटणाचा नकाशा स्वतः बनवावा लागतो. हौस म्हणून ठीक.

थिंकपॅडचा सुटा यूएसबी कीबोर्ड मात्र जरूर बघा. तो मुळातच यूएसबीचा आहे आणि हात अगदी लॅपटॉपचाच. केयू-१२५५ या मॉडेलला मागे मायक्रो-यूएसबीचं भोक असतं, तेच त्याचं दुखणं. केबल लावून ती हलकेच डावी-उजवीकडे हलवा. विंडोजचा जोडणी तुटल्याचा आवाज आला तर आतला सॉकेट सैल आहे, घेऊ नका. बटणांच्या मधोमध माउसचं काम करणारी लाल टोपी असते, तिने कर्सर आपोआप सरकत नाही ना तेही बघा. खालच्या डाव्या कोपऱ्यात कंट्रोल नसून एफएन असतं, कंट्रोल त्याच्या उजवीकडे. कॉपी-पेस्ट करताना पहिले काही दिवस बोट चुकतं. आणि नमपॅड यालाही नाही.

के३८० च्या एफ-बटणांबद्दल बरं झालं विचारलंत. मूळ सेटिंगमध्ये त्यावर एफ१ ते एफ३ ही ब्लूटूथचं उपकरण बदलायची बटणं आहेत आणि बाकीची आवाज वगैरेंची. टॅलीत तारीख बदलायला एफ२ दाबलं की कीबोर्ड डेस्कटॉप सोडून दुसरं उपकरण शोधायला लागेल. लॉजी ऑप्शन्स प्लस हे ॲप टाकून एफ-बटणं नेहमीसारखी करून घ्या आणि ॲप काढू नका. मग एफ५ पेमेंट, एफ६ रिसिट, एफ८ सेल्स सरळ चालतील. होम आणि एंड मात्र एफएन धरून बाणांवर. त्याची बटणं गोल आहेत, म्हणजे कोपरे नाहीतच. बोट कडेला पडायची सवय असेल तर दुकानात टाइप करून बघितल्याशिवाय घेऊ नका.

---

शिफ्ट_ळ

ब्लूटूथसाठी काही शेकड्यांचा यूएसबी अडॅप्टर लागेल. तो कॅबिनेटच्या मागे निळ्या यूएसबी ३ च्या भोकात खुपसू नका. यूएसबी ३ चा विद्युत गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो, हे इंटेलने २०१२ सालीच मोजून दाखवलं आहे. ब्लूटूथ आणि वायरलेस डोंगल दोन्ही त्याच पट्ट्यात चालतात. अक्षरं गळणं, एक अक्षर चार वेळा उमटणं ही लक्षणं त्याची, आणि लोक कीबोर्ड बदलत बसतात. काळ्या यूएसबी २ मध्ये लावा किंवा हातभर एक्स्टेन्शन केबल घेऊन अडॅप्टर टेबलावर आणा.

जुना वायरचा कीबोर्ड टाकून देऊ नका. अडॅप्टरवरचा ब्लूटूथ कीबोर्ड विंडोज सुरू झाल्यावरच जागा होतो, बायोसमध्ये (विंडोजच्या आधीच्या सेटिंगमध्ये) जायला वायरचाच लागतो. शिवाय ब्लूटूथ कीबोर्ड काही वेळ रिकामा राहिला की झोपतो आणि उठताना पहिलं अक्षर खाऊ शकतो. टॅलीत रक्कम टाकण्याआधी एकदा शिफ्ट दाबून जागा करा, नाहीतर १५०० चे ५०० होतील. नमपॅड वायरचा घेण्याचं खरं कारण हेच.

---

चपटी कळ

काळजीचं एक, कारण सिझर कीबोर्ड दुरुस्तीला फारसे येत नाहीत, थेट कचऱ्यात जातात. बटणाखाली जागाच दीड मिमी, त्यामुळे पोळीचा एक चुरा गेला तरी बटण तळाला पोचत नाही. उलटा धरून थोपटा, मग हवेचा ब्लोअर तिरका धरून मारा. बटण उपटून काढायचा मोह टाळा. सांगाड्याच्या पिना केसाएवढ्या असतात, एक तुटली की बटण कायमचं डुगडुगतं आणि सुटा भाग बाजारात मिळत नाही. स्पेसबार तर काढूच नका, त्याखाली तारेचा आडवा दांडा अडकवलेला असतो. पावसाळ्यात बटणं चिकट झाली तर कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून फक्त कडा पुसा, ओतू नका.

घेतल्यावर परत करायची मुदत असेल तोवर प्रत्येक बटण शिफ्टसकट आणि शिफ्टशिवाय दाबून बघा. य, च, ट, ड आणि ॉ प्रत्येकी वीस-वीस वेळा. बॅटरी जुनी वापरून नाही, नवी घालून.